येतो म्हणून जाणारा

हुबळीच्या विद्यानगरात राहणाऱ्या मराठी माणसाला एक प्रश्न आयुष्यभर पुरतो. भाजीवाली विचारते, बँकेतला नवा कारकून विचारतो, रेल्वेच्या डब्यात समोर बसलेला प्रवासी विचारतो, "निम्म ऊर यावद्रि?" तुमचे गाव कोणते? प्रश्नात खोच नसते. अनोळखी माणसाशी बोलणे सुरू करण्याची ती इकडची रीत आहे. पण उत्तर देताना मी दर वेळी अडखळतो. 'कोल्हापूर' म्हणावे, तर १९७८ साली सोडलेल्या गावाचे नाव आपण अजून कोणत्या हक्काने सांगतो, असे वाटते. 'हुबळी' म्हणावे, तर माझ्या कन्नडचा हेल ऐकून समोरचा हसतो आणि "ते खरे हो, पण मूळचे?" असे पुन्हा विचारतो. सीमाभागातल्या आणि त्याच्या आसपासच्या बहुतेक मराठी घरांना हा अनुभव असेल.

या साध्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. माणूस कोणाचा असतो? जिथे जन्मला तिथला, की जिथे घाम गाळला तिथला? आणि एक ठिकाण सोडून तो दुसरीकडे गेला, तर त्याने पहिल्याचा अपराध केला असे म्हणावे काय? मी हा प्रश्न पुष्कळ वर्षे टाळला. त्याला कारण होते. पण तो माझ्यापुढे उभा राहिला तो कोणत्याही ग्रंथातून नव्हे, तर फुटबॉलच्या मैदानावर आणि तोही एका रुमानियन माणसामुळे.

२०१५ सालच्या दिवाळीच्या सुमारास मी पुण्याला मुलाकडे गेलो होतो. मुलाने बालेवाडीच्या मैदानावर सामन्याला नेले. इंडियन सुपर लीगमधल्या पुणे सिटी या संघाकडून त्या वर्षी आद्रियान मुतू खेळत होता. वय छत्तीस. पाय जड झालेले, पण चेंडू पायाशी आला की तो असा काही थांबायचा, की भोवतालचे तरुण धावपटू उगाचच धावत आहेत असे वाटावे. मला तो खेळ आवडला. माझ्या मागच्या रांगेत एक गृहस्थ बसले होते. ते शेजाऱ्याला म्हणाले, "भाडोत्री आहे हो. दहा क्लब फिरून आलाय. ह्याला पुण्याचं काय सोयरसुतक?"

'भाडोत्री' हा शब्द ऐकला आणि मी एकदम एकेचाळीस वर्षे मागे, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर जाऊन पडलो.

कोल्हापूरचा फुटबॉल ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. तिथे संघ हा नुसता संघ नसतो. ती तालीम असते, पेठ असते, गल्ली असते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी, बालगोपाल ही नावे घेताना कोल्हापूरकराचा आवाज बदलतो. माझा आतेभाऊ आमच्या तालमीचा फॉरवर्ड होता. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणत असे. पाच वर्षे तो आमच्याकडून खेळला. १९७४ साली हंगामाची नोंदणी झाली आणि कळले, की दादाने दुसऱ्या पेठेच्या तालमीकडे सही केली आहे. त्या लोकांनी त्याला गिरणीत कायमची नोकरी लावून दिली होती.

मी आमचा गोलरक्षक होतो. साखळीत त्या संघाशी गाठ पडली आणि दादाने माझ्यावर गोल केला. चेंडू जाळ्यातून काढायला मी वाकलो, उठलो आणि भरल्या मैदानात त्याला "फितूर!" म्हणून ओरडलो. शिवाजी महाराजांच्या इतिहासावर वाढलेल्या पोराच्या तोंडी याहून मोठी शिवी नव्हती. प्रेक्षकांनी तो शब्द उचलून धरला. दादाने वळून एकदा माझ्याकडे पाहिले, आणि मधल्या रेषेकडे चालू लागला. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या बहिणीच्या लग्नालाही गेलो नाही. आत्याने हातात अक्षता दिल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

चार वर्षांनी मला हुबळीत एका शाळेत शिक्षकाची नोकरी लागली आणि मी कोल्हापूर सोडले. मला कोणी फितूर म्हटले नाही. स्टेशनवर पोचवायला बारा माणसे आली होती. आईने दही हातावर घातले. पोटापाण्यासाठी जायचेच असते, असे सर्वांनी समजुतीने म्हटले. दादाही पोटापाण्यासाठीच गेला होता आणि तोही एका पेठेतून दुसऱ्या पेठेत, पाच मिनिटांच्या वाटेवर. मी तर राज्य आणि भाषा दोन्ही ओलांडून आलो होतो. पण हा हिशेब मी कधी मांडला नव्हता. तो बालेवाडीच्या पायरीवर बसून पहिल्यांदा मांडला.

घरी परत आल्यावर मी मुतूची सगळी हकीकत गोळा केली. तो १९७९ साली जन्मला. त्याच्या जन्माच्या वेळी रुमानियात चाऊसेस्कूची राजवट होती आणि तिथल्या खेळाडूला आपल्या मर्जीने परदेशी क्लबाकडे जाता येत नसे. १९८९ च्या डिसेंबरात ती राजवट कोसळली आणि दारे उघडली. १९९० मध्ये त्यांचा सर्वांत थोर खेळाडू हाजी स्पेनच्या रेआल माद्रिदकडे गेला. म्हणजे १९८९ पर्यंत सगळे रुमानियन खेळाडू आपल्या मातीशी 'निष्ठावंत' होते! पण ज्या दाराला बाहेरून कडी आहे त्या घरात राहणाऱ्याला आपण घरकोंबडा तरी कसे म्हणणार आणि निष्ठावंत तरी कसे? जायची मोकळीक असताना जो राहतो, त्याच्या राहण्याला मोल आहे. निष्ठेची पहिली अट मोकळीक ही आहे.

पश्चिम युरोपात राजवट नव्हती, पण कडी होतीच. बेल्जियमच्या लिएज क्लबाचा एक साधा खेळाडू, बोसमन. १९९० साली त्याचा करार संपला. त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जायचे होते. त्या काळच्या नियमाने करार संपला तरी जुना क्लब पैसे मागू शकत असे आणि ते मिळेपर्यंत माणूस अडकून राहत असे. बोसमन न्यायालयात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात जाताना अशी आडकाठी करता येणार नाही. या खटल्यात त्याची स्वतःची कारकीर्द मात्र संपली. ज्याने दार उघडले तो स्वतः उंबऱ्यावरच राहिला. अशी माणसे सर्वच क्षेत्रांत असतात.

पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, मुतू पितेश्तीच्या आर्जेश क्लबाकडून खेळू लागला. तिथून बुखारेस्टचा दिनामो, मग इटलीत इंटर, व्हेरोना, पार्मा. २००३ मध्ये लंडनच्या चेल्सी क्लबाने सुमारे दीड कोटी पौंड मोजून त्याला पाच वर्षांसाठी घेतले. २००४ च्या सप्टेंबरात तपासणीत त्याच्या शरीरात कोकेन सापडले. सात महिन्यांची बंदी आली आणि क्लबाने करार मोडून त्याला काढून टाकले. २००५ च्या जानेवारीत तो इटलीतल्या युव्हेंटसकडे गेला, पण थेट नाही. रुमानिया तेव्हा युरोपीय संघाबाहेर होता आणि बाहेरच्या देशांतल्या खेळाडूंचा युव्हेंटसचा वाटा भरलेला होता. म्हणून कागदोपत्री त्याला आधी लिव्होर्नो क्लबाने घेतले आणि तिथून तो पुढे गेला. लिव्होर्नोकडून तो एकही सामना खेळला नाही. दाखल्यावर एक गाव आणि राहायला दुसरे, हा प्रकार आपल्या भागाला काही नवा नाही. पुढे २००६ ते २०११ फिओरेंटिना. तिथे तो सर्वांत अधिक काळ टिकला. मग चेसेना, फ्रान्समधला अजाक्सिओ, पुन्हा मायदेशी प्लोएश्ती, मग आपले पुणे आणि शेवटी २०१६ मध्ये पुन्हा रुमानियात तर्गू मुरेश.

आता निवाडा करू. हा माणूस भाडोत्री की काय? आधी त्याच्या देशाला विचारावे. रुमानियासाठी तो ७७ सामने खेळला आणि त्याने ३५ गोल केले. तेवढेच हाजीचे आहेत. १३ जून २००८ रोजी झ्युरिकमध्ये, युरोपीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेत, रुमानियाची गाठ इटलीशी पडली. जिथे त्याने बरीच वर्षे घालवली, जिथे त्याची मीठभाकर होती, तो हा देश. मुतूने इटलीवर गोल केला. मग बरोबरी झाली आणि शेवटी रुमानियाला पेनल्टी मिळाली. मुतू मारायला आला. समोर गोलमध्ये बुफॉन, युव्हेंटसमधला त्याचा जुना सोबती. बुफॉनने ती अडवली. सामना १-१ असा सुटला. दोघांनीही आपापले काम चोख केले आणि कोणी कोणाला फितूर म्हटले नाही. हे वाचताना मला शाहू स्टेडियमवरचा तो गोल आठवला आणि मान खाली गेली.

मुतूचा दोष नव्हता असे मात्र मी म्हणणार नाही. उलट त्याच्या आयुष्यातच दोष आणि जाणे यांतला फरक स्वच्छ दिसतो. चेल्सीने त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा केला. २००८ मध्ये फिफाने त्याला १ कोटी ७१ लाख युरोंहून अधिक रक्कम भरायला सांगितली. त्याला घेण्यासाठी क्लबाने जो पैसा घातला होता, त्यातला कराराच्या उरलेल्या वर्षांत वसूल व्हायचा भाग त्याने भरून द्यावा, असा साधारण त्याचा हिशेब होता. क्रीडा लवादाने २००९ मध्ये तो निर्णय कायम केला. स्वित्झर्लंडच्या न्यायालयाने आणि २०१८ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही त्याचे गाऱ्हाणे मान्य केले नाही. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की दहा-बारा क्लब बदलले म्हणून त्याला कोणी एक युरोही मागितला नाही. मागितला तो दिलेला शब्द असताना तो मोडला म्हणून. कायद्याने जाणे आणि शब्द मोडणे यांच्यात रेघ ओढली. आपण भावनेच्या भरात ती पुसून टाकतो.

त्या निकालाने माझे पूर्ण समाधान होत नाही, हेही सांगतो. व्यसनात अडकलेल्या पंचवीस वर्षांच्या पोराला घराबाहेर काढायचे आणि वर त्याच्यामागे बिल पाठवायचे, ही कोणती आपुलकी? निष्ठा मागणाऱ्याने आपण काय देणार हेही सांगावे. गुडघा मोडलेल्या खेळाडूला कोणता क्लब जन्मभर पोसतो? आणि क्लब तरी एका जागी राहतात काय? मुतू ज्या पुणे सिटीकडून खेळला तो क्लब २०१९ मध्ये बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबाने घेतली. २०२५ मध्ये तोही हैदराबाद सोडून दिल्लीला गेला. बालेवाडीतले माझ्या मागचे ते गृहस्थ आज कोणाला भाडोत्री म्हणत असतील?

आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव पाहा. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो देशाकडून खेळला. पुढे जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल, ओडिशा असा त्याचा प्रवास झाला. तो जिथे जातो तिथे कोल्हापूर 'आपला पोरगा' म्हणून अभिमानाने पाहते. दूर गेलेल्याला आपण सहज माफ करतो. शेजारच्या गल्लीत गेलेल्याला मात्र करत नाही. म्हणजे आपल्याला जाण्याचा राग नसतोच, तो समोर उभा राहिला याचा असतो. अलीकडे कोल्हापूरच्या तालमींकडून नायजेरियाचे खेळाडूही खेळून गेले आणि पेठांनी त्यांना डोक्यावर घेतले. नायजेरियाचा पाहुणा चालतो, पण पाच मिनिटांच्या वाटेवरचा भाऊ चालत नाही!

यावर कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही तर निष्ठेलाच मोडीत काढता. तसे नाही. सगळेच जाऊ लागले तर तालमीचा दिवा कोण लावणार? मैदानाची कुंपणे कोण दुरुस्त करणार, लहान पोरांना पहाटे कोण उठवणार? राहणाऱ्याच्या जिवावरच जाणाऱ्याला मागे वळून पाहायला गाव उरते. ही गोष्ट मी हुबळीत शिकलो. मी येण्यापूर्वी इथल्या मराठी माणसांनी गणपती बसवला, वाचनालयाची वर्गणी गोळा केली, मुलांना घरी मराठी मुळाक्षरे गिरवायला लावली. ते इथेच राहिले म्हणून मला आल्या आल्या चार ओळखीची दारे मिळाली. त्यांचे ऋण खरे आहे. पण ऋण फेडायला माणसाने खुंट्याला बांधून घ्यावे असे नाही. तो जिथे उभा आहे तिथे मन लावून उभा असावा, आणि निघताना ज्यांच्या शेजारी उभा होता त्यांच्या डोळ्यांत पाहून निघावा, एवढे पुरे.

हे शेवटचे वाक्य माझे नव्हे, दादाचे आहे. शब्द वेगळे होते, एवढेच.

त्या २०१५ च्या खेपेस पुण्याहून हुबळीला परत येताना माझी बस नेहमीप्रमाणे कोल्हापुरात थांबली. वर्षानुवर्षे ती तिथे थांबत आली होती आणि मी चहा पिऊन पुन्हा चढत आलो होतो. या वेळी मी पिशवी घेऊन उतरलो. आत्याचे घर तेच होते. आत्या नव्हती. दादा पायरीवर बसला होता, गुडघ्यावर तेल चोळत. त्याने मला ओळखले आणि थोडा सरकून जागा केली.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मी म्हणालो, "दादा, तो शब्द मी बोलायला नको होता."

"शब्दाचं काय घिऊन बसलास," तो म्हणाला. "मैदानात मानूस वराडतंयच. पर तू माझा भाऊ असून का जातोयस म्हणून एकदा तरी इचारायचं हुतंस रं. आबा गेलेले, दोन भनी लग्नाच्या. मी सांगितलं असतं." थोडे थांबून तो पुढे म्हणाला, "आन् माझंबी चुकलंच की. सही करायच्या आधी तालमीत यिऊन सांगायला पायजे हुतं. तोंड दाखवायचं धाडस झालं न्हाई. सांगून गेलो असतो तर गेलो म्हणाला असता. न सांगता गेलो म्हणून पळालो म्हणाला."

एकेचाळीस वर्षे मी ज्या गोष्टीचा विचार टाळला, ती त्याने पायरीवर बसून चार वाक्यांत सांगून टाकली. अपराध जाण्यात नव्हता. न सांगण्यात तो त्याचा होता, न विचारण्यात माझा होता. आणि माझा मोठा होता, कारण मी गर्दीला शब्द पुरवला.

हे सारे आज लिहायचे कारण असे, की आता माझ्यावरच सही करायची वेळ आली आहे. मुलगा पुण्याला चला म्हणतो. सौ.चे गुडघे, माझे डोळे, रात्री-अपरात्री डॉक्टर गाठायचा तर कोण आहे, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. पुष्कळ दिवस मी मनात भांडलो. उणकल तळ्यावरची सकाळची फेरी, अंगणातला चाफा, तीन पिढ्यांचे विद्यार्थी रस्त्यात थांबून "सर" म्हणतात ते सुख, हे सोडून बालेवाडीच्या आठव्या मजल्यावर मी कोण? पण मग वाटले, की मुतू छत्तिसाव्या वर्षी परक्या मैदानावर येऊन चेंडू पायाशी घेऊन थांबला होता. तसे नव्या जागीही थांबता येते. शेवटी जायचे ठरले.

ठरल्यावर मी घरदलालाकडे गेलो नाही. आधी शेजारच्या अक्कांकडे गेलो. आमची भिंत एक आहे. संक्रांतीला त्यांच्याकडून एळ्ळु-बेल्ल आणि आमच्याकडून तिळगूळ, असे आजवर चालत आले आहे. मी त्यांना कसेबसे सांगितले. त्या ऐकत राहिल्या. रागावतील असे मला वाटले होते. त्या आत गेल्या, हळदीकुंकवाचा करंडा घेऊन सौ.ला हाक मारली, आणि मला म्हणाल्या, "होगि बर्रि." जाऊन या.

कन्नडमध्ये घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. 'होगि बर्तीनि', जाऊन येतो, असे म्हणतो. मराठीतही आपण उंबऱ्यावर 'जातो' हा शब्द उच्चारू देत नाही. 'येतो' म्हणायला लावतो. सीमेवरून इतकी वर्षे भांडणाऱ्या दोन भाषांनी निरोपाची रीत मात्र एकच ठेवली. आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, की माणूस जाणारच. त्यांनी त्याला अडवले नाही, फक्त निघताना कोणाला तरी तोंड दाखवून 'येतो' म्हणण्याची सक्ती केली.

दादाला मी फोन करून सांगितले. तो म्हणाला, "जा की. पुन्यास्नंबी कोल्हापूर काय लांब न्हाई." मग हसला आणि म्हणाला, "यंदा सांगून चाललाईस, ब्येस झालं."

आता रेल्वेच्या डब्यात कोणी पुन्हा विचारले, तुमचे गाव कोणते, तर मी अडखळणार नाही. कोल्हापूर, हुबळी, पुणे, अशी तिन्ही नावे सांगेन. तिन्ही ठिकाणी मी कोणाला तरी 'येतो' म्हणून निघालो असेन, किंवा निघायचा असेन.